लाल सुई आणि द्रुतची शेवटची पाच मिनिटं: एटी-व्हीएम९५एमएल वापरून झाल्यावर

शास्त्रीय संगीताच्या एलपी ऐकणाऱ्या प्रत्येकाला ही जागा ओळखीची आहे. बाजू सुरू होते तेव्हा तानपुरा स्वच्छ, विलंबितातला षड्ज भरीव, तबल्याची चाट वेगळी आणि डग्ग्याचा घुमारा वेगळा. द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग, सुरू होईपर्यंत सुई लेबलाजवळ पोचलेली असते. गायक सपाट तानांवर येतो आणि नेमका तेव्हाच आवाज चरचरायला लागतो. 'स' आणि 'श' फाटतात, तार सप्तकातला आकार कर्कश होतो. बहुतेक जण याचा दोष रेकॉर्डला देतात, 'घासलीय' म्हणून ती बाजूला ठेवतात किंवा रद्दीच्या भावात विकून टाकतात. गेले सात-आठ महिने ऑडिओ-टेक्निकाची लाल सुई, म्हणजे एटी-व्हीएम९५एमएल, वापरल्यावर मी ठामपणे सांगू शकतो की यातल्या बऱ्याच रेकॉर्ड घासलेल्या नाहीत. त्यांना नीट वाचणारी सुई मिळाली नव्हती.

आधी कारण सांगतो, कारण ते कळल्याशिवाय एवढे पैसे सुईवर का घालायचे हे पटत नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेर असो वा आत. पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. त्यामुळे सुईखालून खाचा सरकण्याचा वेग कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर असतो, तर लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लहर कडेला ५१ मायक्रॉन लांबीत पसरून कोरलेली असते, तीच आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५ मायक्रॉनच्या आसपास. ती त्या वळणात शिरणार कशी? वळणांच्या वरून घसरत जाते, आणि त्या घसरण्यालाच आपण चरचर म्हणतो. याच व्हीएम९५ मालिकेतल्या हिरव्या, लंबगोल टोकाच्या सुईची बाजूची त्रिज्या साडेसात मायक्रॉन. लाल मायक्रोलिनिअर, म्हणजे रेषेसारख्या बारीक टोकाच्या, सुईची फक्त तीन.

पाश्चात्त्य सिम्फनी असो वा रॉक, शेवटचा भाग शांत असू शकतो, किंवा बाजूच्या शेवटी हळू गाणं ठेवता येतं. आपल्या संगीताला ती सोयच नाही. विलंबित आधी, द्रुत नंतर. सतारीवर आलाप आधी, 'झाला' हा वेगवान भाग नंतर. एका बाजूवर एक राग भरला की सगळ्यात दाट, सगळ्यात वेगवान संगीत प्लास्टिकच्या सगळ्यात अरुंद जागेत जाऊन पडतं. म्हणून चांगल्या सुईची गरज इतर कुणाहीपेक्षा आपल्याला जास्त आहे असं माझं मत आहे. हायफायच्या चर्चांमध्ये हा मुद्दा फारसा कुणी मांडताना दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता माझी मांडणी. टर्नटेबल याच कंपनीचं एटी-एलपी१२०एक्स, डायरेक्ट ड्राइव्ह, ३३, ४५ आणि ७८ अशा तिन्ही गतींचं. त्यावर व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) मुळातच लावलेली येते, हिरव्या सुईची. या मालिकेची खुबी अशी की कार्ट्रिजचं अंग सगळ्यांचं एकच, सुया तेवढ्या वेगळ्या. जुनी सुई पुढे खाली ओढून काढायची, नवी बसवायची, स्क्रूला हातही लावायचा नाही. निळी गोल टोकाची, हिरवी लंबगोल, केशरी त्याच आकाराची पण अख्ख्या हिऱ्याची, लाल मायक्रोलिनिअर, तपकिरी शिबाता नावाच्या टोकाची आणि काळी ७८ च्या रेकॉर्डसाठी. मी फक्त लाल सुई घेतली, अख्खी कार्ट्रिज नाही. हिरव्या सुईच्या जवळपास तिप्पट किंमत पडली.

तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. हिरवीचा आउटपुट ४ मिलिव्होल्ट, लालचा ३.५. म्हणजे लाल सुई सव्वा डेसिबलच्या आसपास हळू वाजते. आवाज तसाच ठेवून ऐकलं तर जास्त मोठी वाजणारी हिरवीच कानाला बरी वाटते. मी टर्नटेबलच्या यूएसबीवरून तीच बाजू दोन्ही सुयांनी रेकॉर्ड केली, पातळी सारखी केली आणि मग शेवटची पाच मिनिटं आलटून पालटून ऐकली. घरच्यांनाही, कुठली कोणती ते न सांगता, ऐकवली.

फरक बाहेरच्या भागात थोडा आहे, म्हणजे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणकार, जास्त उघडी होते, स्वरमंडळ असेल तर त्याच्या तारा सुट्या ऐकू येतात. पहिली दहा मिनिटं ऐकून कुणी 'एवढ्यासाठी तिप्पट?' म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण लेबलाकडे सरकत जाताना दोन्ही सुयांमधलं अंतर वाढत जातं, आणि शेवटी ते कुणालाही कळेल इतकं होतं. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तानेत श्वास कुठे घेतला हेच कळत नाही असं आपण म्हणतो. द्रुतमध्ये ती अखंडता हिरव्या सुईवर गढूळ व्हायची, लाल सुईवर प्रत्येक स्वराचा दाणा वेगळा राहतो आणि तरी साखळी तुटत नाही. वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यपदातली ती अचानक वर उसळणारी तान फाटत नाही. किशोरीताई आमोणकरांच्या तार सप्तकातल्या लांब आकारावर पूर्वी जो बारीक किरकिराट चढायचा, तो गेला. सतारवादक निखिल बॅनर्जींच्या झाल्यात चिकारी (लय धरणाऱ्या बाजूच्या तारा) आणि बाजाची (सूर वाजवायची मुख्य) तार यांची सरमिसळ होत नाही. मी झाला ऐकताना आपोआप आवाज कमी करायचो. आता तो हात उठत नाही.

या लाभाची दुसरी बाजू जुन्या, वापरलेल्या रेकॉर्डची आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांचा संग्रह तसाच असतो. माझ्याकडचा निम्मा ठेवा मामांकडून आला, बाकीचा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि मुंबईच्या चोर बाजारातून. सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरोघरी जे प्लेअर होते त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज असायची, सुईचा रेकॉर्डवरचा भार कित्येक ग्रॅमचा, आणि सुई वर्षानुवर्षं बदललेली नसायची. अशा सुईने खाचेच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टा खाल्लेला असतो. मायक्रोलिनिअर टोक भिंतीला उभ्या लांब रेषेत टेकतं, त्यामुळे त्या खाल्लेल्या पट्ट्याच्या वरखालचा शाबूत भागही वाचला जातो. काही रेकॉर्ड यामुळे अक्षरशः परत मिळाल्या. सगळ्या नाही. एका विक्रेत्याने 'जवळजवळ नवी' म्हणून पाठवलेली ठुमरीची एलपी लाल सुईवरही तशीच फाटत राहिली, तिचा पृष्ठभाग चकचकीत होता पण खाच पार गेलेली होती. अशी रेकॉर्ड कुठलीच सुई वाचवू शकत नाही, आणि चकाकी पाहून रेकॉर्ड विकत घेऊ नये.

पन्नास-साठच्या दशकांतल्या मोनो रेकॉर्डबद्दल, विशेषतः भावगीतांच्या ४५ च्या ईपींबद्दल (लहान तबकड्यांबद्दल), मत संमिश्र आहे. मोनोची खाच रुंद असते. बारीक टोक तिच्यात खोलवर बसतं आणि तळाशी साचलेली धूळ, बुरशीचे कणही वाचतं. काही ईपी हिरव्या सुईवर जास्त शांत वाजतात, म्हणून ती मी जपून ठेवली आहे. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा. डावा-उजवा आवाज एकत्र झाला की खालीवर होणारी खरखर बरीचशी कटते, गाणं तेवढंच राहतं.

यावरूनच स्वच्छतेकडे येतो. लाल सुई घेऊन रेकॉर्ड न धुणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. वरवरच्या ब्रशने भागत नाही, कारण ही सुई जिथे पोचते तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. मी हाताने फिरवायची धुण्याची टाकी वापरतो, डिस्टिल्ड पाणी, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत राहतात. अल्कोहोल फक्त एलपी आणि ईपीला. ७८ च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, एकदा हात फिरवला की तबकडी गेलीच म्हणून समजा. पावसाळ्यात जुन्या कागदी आतल्या पिशव्या ओल धरतात आणि रेकॉर्डवर पांढरी बुरशी उठते. या जूनच्या आधी मी सगळ्या पिशव्या बदलल्या, रेकॉर्ड उभ्या ठेवल्या आणि कपाट भिंतीपासून सरकवलं. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचं फळ दिसलं.

सुई मात्र लाडावलेली आहे. बसवणी थोडी चुकली तरी लगेच तक्रार करते. हिरवी सुई हेडशेलमध्ये (कार्ट्रिज जिथे बसते त्या टोकात) अर्धा अंश वाकडी असली तरी चालवून घ्यायची. लाल सुई लावल्यावर प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा मापक) घेऊन बसा. मी कागदावर छापलेला बेअरवाल्डचा वापरतो, मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर कार्ट्रिज खाचेला समांतर आली पाहिजे. भार १.८ ते २.२ ग्रॅम, शिफारस २ ग्रॅमची, पण टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) आकड्यावर विसंबू नका. छोटा डिजिटल काटा फारसा महाग नाही आणि तो लागतोच. एलपी१२०एक्सचा टोनआर्म वरखाली करता येतो, जुन्या जाड एलपी आणि ऐंशीच्या दशकातल्या पातळ एलपी यांच्यात मला तो थोडा हलवावा लागला. या सगळ्यात एक रविवार जातो. ज्यांना हे नको असेल त्यांनी हिरवी किंवा केशरी सुईच घ्यावी, त्यात काहीच कमीपणा नाही.

आवाज फार तेजाळ वाटला तर सुईला नावं ठेवण्याआधी तारा पाहा. या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (तारांची विद्युत धारकता) हवा. लांब, स्वस्त तारा त्याहून कितीतरी पुढे जातात आणि वरच्या स्वरांना उगाच धार चढते. आखूड तारा लावल्यावर माझ्याकडे व्हायोलिन आणि सारंगी दोन्ही गोड झाली. टर्नटेबलमधला अंगभूत फोनो प्री-अँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) बंद करून अँप्लिफायरच्या फोनो जागेत जोडलं, तेव्हा तबल्याचा डग्गाही अधिक गोलाईने आला. हा दुसरा फरक पहिल्याएवढा नाही, तेव्हा त्यासाठी लगेच खर्च करायची घाई नको.

खर्चाचा हिशेब मी असा केला. कंपनीच्याच सांगण्यानुसार लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तास, मायक्रोलिनिअरचं १,०००. रोज एक एलपी, म्हणजे पाऊण तास धरला, तर हिरवी सुई वर्षभरापेक्षा थोडी जास्त टिकेल आणि लाल साडेतीन वर्षांच्या पुढे जाईल. तिप्पट किंमत, तिपटीहून जास्त आयुष्य. तासाला पडणारा खर्च जवळपास सारखाच, आणि झिजलेल्या सुईने रेकॉर्ड खराब होण्याची धास्ती कमी. मोठे स्पीकर, नवा अँप्लिफायर घ्यायचा विचार चालू असेल त्याने आधी सुई बदलून बघावी, असं मी भेटेल त्याला सांगतो. सूटकेससारख्या सगळं-एकात प्लेअरवर मात्र ही बसतच नाही, त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज वेगळीच असते.

७८ च्या तबकड्यांना लाल सुई चुकूनही लावू नये. त्यांची खाच एलपीच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद असते, बारीक टोक तळाशी खडखडत राहतं आणि सुईचीही वाट लागते. त्यासाठी काळी व्हीएम९५एसपी आहे, तिला भार ५ ग्रॅमच्या आसपास लागतो, म्हणून दर वेळी वजन नव्याने लावायचं. बालगंधर्वांच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या माझ्याकडच्या तबकड्यांसाठी मी ती घेतली. एलपी१२०एक्सची गतीची पट्टी इथे खरी कामाला येते, कारण जुन्या काळी सगळ्याच तबकड्या बरोबर ७८ वर कापल्या जात नसत. शेजारी पेटी घेऊन बसायचं आणि गतीची पट्टी हळूहळू सरकवत गायकाचा षड्ज त्याच्या नेहमीच्या सुरावर आणायचा. रेकॉर्डमधला बास-ट्रेबल ठरवणारा आरआयएएचा दंडक १९५४ चा, या तबकड्या त्याच्या कितीतरी आधीच्या, त्यामुळे फोनो प्री-अँप त्यांना चुकीचा साज चढवतो. ट्रेबल आणि बासच्या बटणांनी कानाला पटेपर्यंत दुरुस्त करावं लागतं. साधारण तीन मिनिटांच्या एका बाजूसाठी दहा मिनिटांची तयारी होते, आणि खाँसाहेबांचा तार षड्ज जागेवर लागला की ती बाजू मी पुन्हा पहिल्यापासून लावतो.