हिरवा दिवा आणि बारा तास : वस्तीच्या वॉकीटॉकींचा आठ महिन्यांचा अनुभव

वादळाच्या रात्री वीज गेल्यावर मोबाइलचे मनोरे आपापल्या बॅटऱ्यांवर काही तास तगले आणि मग एकामागोमाग एक बंद पडले. तेव्हा आम्ही वस्तीचे १४ वॉकीटॉकी चार्जरवरून उचलले. पहिले दोन तास सगळे इतके सुरळीत चालले, की वर्गणी सार्थकी लागली असे वाटले. मात्र पहिला संच पावणेतीन तासांतच मुका झाला आणि पाच तास उलटेपर्यंत एकूण ९ संच बंद पडले होते. उचलताना प्रत्येकाच्या चार्जरचा दिवा हिरवा होता, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या दिव्यालाच जाणार आहे.

पल्ल्याबद्दल तक्रार नाही. हातातला संच तोंडाजवळ धरून बोलताना सपाट मोकळ्या जमिनीवरही रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी सरळ रेषेत पोहोचण्याची सीमा, जेमतेम ५ किलोमीटरवर असते आणि मध्ये इमारती आल्या की पल्ला आणखी घटतो. म्हणून परवाना हाती आल्यावर रिपीटरची, म्हणजे संचाचा संदेश पकडून तो पुन्हा दूरवर प्रक्षेपित करणाऱ्या यंत्राची, अँटेना आम्ही पाण्याच्या टाकीवर, १६ मीटर उंचीवर बसवली. त्यानंतर वस्तीतला एकही कोपरा सुटला नाही.

माहितीपत्रकात बॅटरी १२ तास चालेल असे छापले होते. विक्रेत्याकडे तक्रार नेली तेव्हा दिवा हिरवा होतो म्हणजे बॅटरी उत्तमच आहे, हे एकच उत्तर तीन खेपांना मिळाले. संच परत करण्याचे पत्र मी त्याच संतापात लिहून ठेवले होते.

ते पत्र मी पाठवले नाही, कारण मोजणी केल्यावर निम्मी चूक आमची निघाली. १२ तासांचा आकडा ५-५-९० या हिशेबावर बेतलेला असतो, म्हणजे ५ टक्के वेळ बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के वेळ संच नुसता चालू. आमचा संच ५ वॉटवर बोलताना सुमारे १.५ अँपिअर प्रवाह घेतो, ऐकताना ०.३५ आणि नुसता चालू असताना ०.०७. त्या हिशेबाने २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी खरोखरच १२ तासांहून थोडी अधिक चालते. पण आपत्तीच्या रात्री २० टक्के वेळ बोलणे आणि ४० टक्के ऐकणे होत असेल, तर कोरी बॅटरीसुद्धा सव्वाचार तासांत संपते. हा हिशेब खरेदीपूर्वीच करायला हवा होता.

उरलेली निम्मी चूक मात्र त्या दिव्याचीच आहे. व्होल्टेज ठरलेल्या पातळीला पोहोचून चार्जिंगचा प्रवाह घटला, एवढेच तो सांगतो. बॅटरीत क्षमता किती उरली आहे, हे त्याला कळत नाही. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि उष्ण ठिकाणी राहिली की लवकर जुनी होते. आम्ही तर सगळे संच आठ महिने चार्जरमध्येच, तेही दुपारच्या उन्हाच्या खिडकीखाली ठेवले होते. घड्याळ लावून तपासले तेव्हा सर्वांत वाईट बॅटऱ्यांत मूळ क्षमतेच्या दोनतृतीयांशच शिल्लक होती आणि त्यांच्याही चार्जरवर दिवा हिरवाच लागत होता.

आता निम्मे संच भरलेले आणि निम्मे अर्धवट भरलेले ठेवून दर महिन्याला अदलाबदल करतो, हवामानाचा इशारा येताच सगळे पूर्ण भरतो आणि प्रत्येक बॅटरीवर तपासणीची तारीख व ती किती तास चालली हे लिहितो. रिपीटर उंचावर असल्याने वस्तीत १ वॉट पुरतो, हे फार उशिरा लक्षात आले. तेवढ्या एका बदलाने सव्वाचार तासांचे साडेसहा होतात.

हाच संच मी पुन्हा घेईन, पण संख्या १४ ऐवजी १० ठेवून वाचलेल्या वर्गणीतून प्रत्येकी एक जादा बॅटरी घेईन. वापर वाढल्यावर बॅटरी किती तास चालते ते माहितीपत्रकात छापावे, असे विक्रेत्यामार्फत निर्मात्याला लेखी कळवले आहे. पोच मिळाली, उत्तर अजून आलेले नाही.