बाराव्या हिश्श्याची बोट : दोन हंगामांनंतर

मार्च 2024 मध्ये आम्ही इथे इंग्लंडात एका नॅरोबोटीचा, म्हणजे कालव्यांत चालणाऱ्या लांब, अरुंद बोटीचा, बारावा हिस्सा विकत घेतला. 57 फूट लांब, 6 फूट 10 इंच रुंद, पोलादी बोट. चार माणसं आरामात झोपतात. तिचा कायमचा धक्का ब्रॉन्स्टनजवळ आहे, म्हणजे ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड हे दोन कालवे मिळतात तिथे. आजवर सात आठवडे तिच्यावर काढलेत, त्यामुळे आता अनुभवाने लिहिते.

आधी पैसे, कारण सगळे तेच विचारतात. हिश्श्याचे साडेपाच हजार पौंड दिले. वर्षाला प्रत्येकी अकराशे भरायचे, त्यात लायसन्स, विमा, धक्क्याचं भाडं, सर्व्हिसिंग आणि राखीव निधी आला. डिझेल वेगळं. इंजिन तासाला दीडेक लिटर खातं आणि तासांचा आकडा वहीत लिहून आपापले पैसे भरायचे. बदल्यात वर्षाला चार आठवडे मिळतात. बारा जणांचे मिळून अठ्ठेचाळीस होतात, उरलेले चार डागडुजीला. उन्हाळ्यात भाड्याच्या बोटीचे दर पाहिलेत तर दरवर्षी दोन आठवडे जाणाऱ्यालाही हे परवडतं. एकच आठवडा जाणार असाल तर भाड्याने घ्या. हिस्सा विकता येतो, पण गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो आणि घेतलेल्या किमतीला तो जात नाही.

पण पैशाचं गणित जमूनही हा व्यवहार फसू शकतो. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. आमच्या मळ्यातली विहीर तीन चुलत घरांत सामाईक होती आणि पाण्याची पाळी ठरलेली होती. पाण्यावरून कधी वाद झाले नाहीत. वाद झाले ते मोटर जळाली तर भरून कुणी आणायची आणि पाट कुणी साफ करायचा यावरून. बोटीचंही अगदी तसंच आहे. बोट कशी आहे याइतकंच आधीचा माणूस ती कशी सोडून जातो यावर आपला आठवडा ठरतो.

आमच्याकडे शनिवारी दुपारी बारापर्यंत बोट रिकामी करायची आणि पुढच्यांनी तीनला चढायचं. सोडताना संडासाची टाकी उपसायची, पाण्याची टाकी भरायची, शेगडीतली राख काढायची. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बुडातून बाहेर जातो तिथे पाणी झिरपतं, म्हणून ग्रीसचा स्क्रू रोज संध्याकाळी एक फेरा आवळायचा. ही कामं अर्ध्या तासाची आहेत, पण बारा घरांतली माणसं ती बारा तऱ्हांनी करतात.

पहिल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये याचा चांगलाच धडा मिळाला. निघून तासभर झाला आणि तळातलं पाणी उपसणारा पंप थांबेचना. मागची फळी उचलली तर इंजिनाखाली वीतभर पाणी. पंख्यात अडकलेलं प्लास्टिक काढायला त्याच्या वरच एक झाकणाचं भोक असतं. आधीच्या भागीदाराने ते उघडून साफ केलं होतं, पण झाकणाचा दांडा पुरता आवळला नव्हता. पंखा फिरला की त्या फटीतून पाणी आत उसळतं आणि अशाने बोटी बुडतात. आम्ही इंजिन बंद केलं, बोट काठाला लावली, झाकण आवळलं. मुलं आत पत्ते खेळत होती. मला त्या माणसाचा फार राग आला आणि तो मी त्याला फोनवर स्पष्ट बोलून दाखवला. त्याने चूक कबूल केली. तेव्हापासून बोट सोडताना आवळलेल्या झाकणाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नियम झाला आणि तो बाराही जण पाळतात.

म्हणून हिस्सा घेण्याआधी बोटीवरची वही मागा. दोन वर्षांची पानं नीट वाचा. कोण काय लिहितं, बिघाड लिहिला की किती दिवसांत दुरुस्त झाला, हे त्यात दिसतं. मग कागदपत्रं बघा. बोट मालकांच्या नावावर आहे की व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीच्या, हे खरेदीखतात तपासा. चार वर्षांनी लागणारं सुरक्षा प्रमाणपत्र कधी संपतंय आणि बुडाच्या पत्र्याची जाडी शेवटी कधी मोजली, तेही विचारा. अशा बोटीचा तळाचा पत्रा नवा असताना बहुधा 10 मिलिमीटरचा असतो, बाजूचा 6 चा. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून बुडाला काळा थर द्यावा लागतो. तो चुकवलेली बोट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आठवडे वाटायची पद्धत मला आवडली. एका वर्षी चिठ्ठ्या टाकून क्रम लावायचा, पुढच्या वर्षी तो उलटा. 2025 मध्ये आम्ही अकराव्या क्रमांकावर होतो, त्यामुळे त्या उन्हाळ्यात शाळेच्या सुट्टीतला आठवडा मिळालाच नाही. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना हे जड जातं. पण त्या वर्षीचा पाडव्याचा आठवडा कुणालाच नको होता, तो आम्हाला मिळाला. पूल ठेंगणे, म्हणून काठाला बांधल्यावरच गुढी उभारली. बोटीत प्रत्येक हिश्श्याला एकच खण असतो. आमच्यात मिसळणाचा डबा आणि तीन लिटरचा कुकर असतो.

चालवायला शिकणं अवघड नाही. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे हाताला दोन दिवसांत कळतं. वेग ताशी चार मैलांपर्यंतच, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही कमी. खरी काळजी लॉकमध्ये घ्यायची, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेल्या ज्या हौदात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात तिथे. खाली उतरताना वरच्या दाराजवळ पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोटीची शेपटी त्यावर टेकली आणि पाणी उतरत गेलं तर बोट कलंडते. उंबऱ्याची जागा भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते, तिच्या पुढेच राहायचं. एकाने सुकाणूवर आणि एकाने झडपांवर लक्ष ठेवावं, गप्पा नंतर माराव्यात.

जुलैत आई आली होती, 71 वर्षांची. पायऱ्या उभ्या आहेत, पण धरून उतरली. दिवसभर पुढच्या टोकाशी बसायची. नॅप्टन गावची पवनचक्की टेकडीवर आहे आणि कालवा इतका वळतो की ती कधी समोर दिसते, कधी खांद्यामागे. "हीच का मघाची?" असं आईने तीनदा विचारलं. नॅप्टनची नऊ लॉकं चढून वर गेलं की ऑक्सफर्ड कालव्याचा अकराएक मैलांचा सपाट पट्टा लागतो. तो टेकड्यांच्या अंगाने वळसे घेत जातो, कारण अठराव्या शतकात तो खणणाऱ्यांनी डोंगर फोडण्याऐवजी एकच उंची धरून जाणं पसंत केलं. माझ्या मते या भागातला सगळ्यात सुंदर प्रवास तोच. पण तो उन्हाळा कोरडा गेला, वरचं पाणी कमी झालेलं, म्हणून आम्ही लॉकांच्या पायथ्याशीच रात्र काढून परतलो.

सध्या वाद आहे तो बॅटऱ्यांवरून. पाच जणांना महागड्या लिथियमच्या हव्यात, बाकीच्यांना नेहमीच्याच. फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत मत घेणार आहोत. मी नेहमीच्यांच्या बाजूने आहे, कारण राखीव निधी पुढच्या वर्षी बुडाच्या कामाला लागणार आहे. त्याच सभेत आठवडेही ठरतील आणि क्रम उलटल्याने यंदा आमचा नंबर दुसरा आहे. मी मे महिन्यातला एक आठवडा मागणार. तेव्हा वर पाणी असतं. आईचं तिकीट त्यानंतरच काढू.