भिगवणची नावसफर: पैसे कशाचे द्यावेत, नाही कशाला म्हणावं

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण, आणि तिथून आत वळलं की कुंभारगाव. उजनी धरणाच्या फुगवट्यावर इथले मच्छीमार नावेतून पक्षी दाखवतात, मुख्यतः रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. सफर नक्की करावी अशी आहे. फक्त ती चांगली होते की वाया जाते, हे नावाड्याच्या हातावर आणि आपण त्याच्याकडे काय मागतो यावर ठरतं.

‘फ्लेमिंगो दिसलेच नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा घाईने, डिसेंबरातच जाऊन आलेल्यांची असते. रोहित चोच उलटी बुडवून पाण्याचिखलातलं बारीक खाणं गाळून खातो, त्यासाठी त्याला उथळ पाणी लागतं. धरण भरलेलं असताना तशी जागाच उरत नाही. पाणी उतरून चिखलाची बेटं उघडी पडली की थवे येऊन टिकतात. त्यामुळे जानेवारीअखेर ते मार्च हा काळ धरावा, आणि धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं तर आणखी थांबावं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले राजहंसासारखे पक्षी, मात्र मार्चमध्ये परतू लागतात. दोन्ही बघायचे असतील तर फेब्रुवारी बरा. निघण्याआधी नावाड्याला फोन करून थवा कुठे बसतोय ते विचारा. दर नावेचा की माणशी, आणि वेळ किती, हेही तेव्हाच ठरवून घ्या. काठावर घासाघीस करण्यात सकाळचं ऊन निघून जातं.

नावाडी चांगला की नाही, हे थव्याजवळ पोचताना कळतं. जाणता माणूस बराच अलीकडे इंजिन बंद करतो आणि बांबूने रेटत नाव तिरकी नेतो, सरळ थव्यावर घालत नाही. सकाळी सूर्य पाठीशी यावा म्हणून तो थव्याच्या पूर्वेला जातो. आता पक्ष्यांकडे बघा. माना खाली, चोची पाण्यात असतील तर सगळं ठीक. काही माना उंच ताठ झाल्या, की तिथेच थांबायला सांगा. त्यानंतर सगळा थवा एकाच दिशेने चालू लागतो आणि पुढच्या क्षणी पाण्यावर धावत उठतो. इतकं जड शरीर उचलायला त्याला भरपूर ताकद खर्चावी लागते, आणि दिवसभरात प्रत्येक नावेने एकेकदा उडवलं तर तो खाणार कधी? उडतानाचा फोटो हवा असेल तर धीर धरा. जागा बदलायला थवे आपणहून उठतात आणि वाऱ्याकडे तोंड करून उठतात. वारा येतो त्या बाजूला थोडं अंतर राखून नाव उभी ठेवली, तर समोरून येणारा थवा टिपता येतो.

या सफरीतली सर्वात खटकणारी गोष्ट म्हणजे ‘पक्षी हाताशी आणून देतो’ हा प्रकार. कुरव पक्ष्यांना (सीगल) शेव-फरसाण आणि घारी-बगळ्यांना मासे टाकून नावेजवळ बोलावलं जातं. मुलं खूश होतात, मोबाइलवरही फोटो येतो. पण मीठ, मसाला आणि तळणीचं तेल हे पक्ष्याचं खाणं नव्हे. मासे टाकले तरी पक्षी नावांमागे फिरायला शिकतात, आणि घारीने झडप घातली की नखं बोटांना लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही धरलेलं आहे. नावाडी हे करतात ते गिऱ्हाईक मागतं म्हणून. ‘खायला घालू नका, वेळ जरा जास्त द्या’ असं चढतानाच सांगितलं तर बहुतेक जण आनंदाने ऐकतात. त्या जादा वेळेचे पैसे जरूर द्यावेत.

जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर स्वतः ओढाताण करू नका. नावाड्याला दाखवा आणि वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.

लाइफ जॅकेट मिळतं, पण त्याचे बक्कल तुटलेले नाहीत ना ते काठावरच बघा. पट्टे आवळून घ्या; ढिलं जॅकेट पाण्यात पडल्यावर हनुवटीपर्यंत वर सरकतं. हलत्या नावेत 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण दहापटीच्या 10×50 पेक्षा सोयीची, कारण वाढीव मोठेपणाबरोबर थरथरही वाढते. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग 1/1600 सेकंदापेक्षा कमी ठेवू नका. पाण्यात हात घालायचा मोह मुलांना होतोच, तो टाळा. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथेच येतं, आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवं शेवाळ दाटतं.

उजाडताना नावेत बसायचं तर पुण्यातून पहाटे साडेचारला निघावं. नऊनंतर वारा वाढतो, लाटा उठतात आणि ऊनही चरचरीत होतं. रेल्वेने भिगवण स्टेशनला उतरता येतं, पण पुढे कुंभारगावला जायला पहाटे वाहन मिळेलच असं नाही. ते आदल्या दिवशी सांगून ठेवा. परतताना भादलवाडीचा तलाव जरूर करावा. चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्क) वीण तिथे झाडांवर काठावरूनच दिसते, नाव लागत नाही.