जुन्या ऑक्टाव्हिया आरएसला मॅगव्हील: चार पर्याय आणि सतरा इंचाचा मोह

२००४ सालची ऑक्टाव्हिया आरएस म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्तीची. इंजिनाची निगा राखली तर गाडी अजूनही पळते. चाकांचं मात्र तसं नाही. आज हातात येणाऱ्या गाडीची मूळ चाकं एक तर आतून वाकलेली असतात, नाहीतर वेल्डिंग मारलेली, नाहीतर एका जातीची तीनच उरलेली. मग माणूस जालना रोडवरच्या एखाद्या टायरच्या दुकानात जातो आणि पहिलाच प्रश्न येतो, "किती इंची दाखवू?" खरं तर इंच सगळ्यात शेवटी बघायचे असतात.

आधी बघायचा तो पीसीडी. या गाडीचा पीसीडी ५×१००, म्हणजे पाच बोल्ट आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा ५७.१ मिलिमीटरचा. बोल्ट एम१४×१.५, आणि इथे नट नसतो, बोल्ट थेट हबमध्ये जातो. घोळ होतो तो पुढच्या पिढीमुळे. लॉरा, नंतरच्या ऑक्टाव्हिया, सुपर्ब आणि बहुतेक ऑडी ५×११२ वर आहेत. शहरात सेकंडहँड माल याच गाड्यांचा जास्त फिरतो, आणि "स्कोडाचंच आहे साहेब, बसतंय" म्हणून तो गळ्यात मारला जातो. बारा मिलिमीटरचा फरक कुठल्याही बोल्टने भरून निघत नाही. सरकत्या वायसरचे बोल्ट येतात, पण ते दोन-तीन मिलिमीटरच्या फरकासाठी असतात. अडॅप्टर लावला तर चाक वीसेक मिलिमीटर बाहेर येतं, मग बेअरिंग, मडगार्ड सगळ्यालाच त्रास. ५×११२ दिसलं की पुढे चालायचं.

मधलं भोक ५७.१ पेक्षा मोठं असेल तर मधली फट भरणारी सेंटरिंग रिंग लागते. बाजारातल्या नव्या चाकांना भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच चाक दहा गाड्यांना खपतं. रिंग ॲल्युमिनियमची मागा. प्लास्टिकची रिंग बसवताना ठीक वाटते, पण कन्नडचा घाट उतरताना ब्रेक तापले की मऊ पडते, आणि पुढच्या वेळी चाक काढलं की तिचे तुकडे हातात येतात. भोक लहान असेल, उदाहरणार्थ टोयोटाच्या काही ५×१०० चाकांना ते ५४.१ असतं, तर लेथवर मोठं करता येतं. पण तिन्ही जबड्यांत चाक नीट मध्यावर धरणारा कारागीर असेल तरच. अर्धा मिलिमीटर सरकलं तर शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि तो दोष बॅलन्सिंगने जात नाही.

आता ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. चाकाच्या मागे 'ईटी' लिहून पुढे आकडा कोरलेला असतो. या पिढीच्या ऑक्टाव्हियाचं १५ इंची चाक ६ जे ईटी ३८, तर १६ इंची ६.५ जे ईटी ४२. 'जे'च्या आधीचा आकडा म्हणजे चाकाची इंचातली रुंदी. नवं चाक यापासून किती बाहेर आणि किती आत जाणार, हे कागदावर दोन ओळींत निघतं. समजा १६ इंचीत ६.५ जे ईटी ४२ च्या जागी ७ जे ईटी ३८ घेतलं. रुंदी अर्धा इंच वाढली म्हणजे १२.७ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला ६.३५. ऑफसेट ४ ने कमी म्हणजे चाक ४ बाहेर सरकलं. हिशेब झाला: बाहेर १०.३५, आत २.३५. एवढं चालतं. दुकानात सर्रास मिळणारं ७ जे ईटी २५ घेतलं तर बाहेरची कड २३ मिलिमीटरच्या पुढे जाते. रिकाम्या गाडीला ते ऐटदार दिसतं, पण मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की पहिल्याच गतिरोधकाला मागचं मडगार्ड टायर कापायला लागतं. शिवाय स्टिअरिंग खड्ड्यागणिक हाताला हिसके देतं आणि पुढचे बेअरिंग लवकर घरघरतात. ईटी ३५ च्या खाली जाऊ नका.

टायरचा व्यास मूळच्या जवळ ठेवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. १९५/६५ आर १५ चा व्यास ६३४.५ मिलिमीटर, २०५/५५ आर १६ चा ६३१.९, २२५/४५ आर १७ चा ६३४.३. तिन्ही जवळपास सारखेच. फरक पडतो तो रबराच्या भिंतीत: १५ ला १२७ मिलिमीटर, १६ ला ११३, १७ ला १०१. मराठवाड्यात निर्णय याच आकड्यावर करायचा. समृद्धी महामार्गावर १०१ मिलिमीटरची भिंत निवांत चालते. पण जालन्याला समृद्धीवरून उतरून गावाकडे वळलं की डांबराची तुटलेली कड, पुलाच्या जोडावरची पायरी, आणि रात्री उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे न दिसणारा खड्डा. तिथे १७ इंची चाकाची आतली कड आधी वाकते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून लोक महिनोन्‌महिने हवा भरत फिरतात. १८ बद्दल बोलायलाच नको.

एवढं लक्षात ठेवून आता बाजारातला माल.

पहिला पर्याय, मूळ स्कोडाची १६ इंची जुनी चाकं. चारही एका जातीची आणि सरळ मिळाली तर याहून चांगलं काही नाही. बोल्ट जुने चालतात, रिंग लागत नाही, ऑफसेटचा हिशेब नाही. पण घेण्याआधी टायर उतरवून बॅलन्सिंग मशीनवर नुसतं चाक फिरवून बघा. कडेला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) लावून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हालचाल दिसली तर चाक घ्या, एकच्या पुढे गेली तर सोडा. आरे आणि कड जिथे मिळतात तिथे आतून बोट फिरवा. रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा हाताला लगेच कळतो.

दुसरा, रॅपिड, व्हेंटो किंवा पोलोची १५ इंची चाकं. ५×१०० आणि ५७.१, दोन्ही जुळतं, आणि ती स्वस्तात मिळतात. गंमत अशी की विकणारा ती टायरसकट देतो आणि घेणारा तशीच चढवतो. रॅपिडच्या १८५/६० आर १५ चा व्यास ६०३ मिलिमीटर, म्हणजे गाडी पंधरा मिलिमीटर खाली बसते आणि काटा वेग जास्त दाखवतो. त्याहून वाईट म्हणजे त्याचा लोड इंडेक्स ८४, एका टायरला ५०० किलो. २०५/५५ आर १६ च्या ९१ ला ६१५ किलो. पाच माणसं आणि सामान घेतलेली ऑक्टाव्हिया पावणेदोन टनांच्या आसपास जाते आणि ब्रेक मारताना तो भार पुढे येतो. चाक घ्या, टायर परत करा, आणि चाकामागे कोरलेला कमाल भारही वाचून घ्या. १५ इंची चाक कॅलिपरवरून, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागावरून, जातं का, हेही आधी बघायचं. कॅलिपरवर कणकेचा गोळा चिकटवा, चाक लावून एक फेरी फिरवा आणि काढा. कणीक तीन मिलिमीटरपेक्षा पातळ दबली असेल तर नको. कोणी आधीच ३१२ मिलिमीटरची ब्रेक डिस्क बसवली असेल तर १५ चा विचारच सोडा.

तिसरा, आणि अनेकांच्या लक्षात न येणारा: स्लाव्हिया किंवा व्हर्टसचं १६ इंची चाक. पुन्हा ५×१००, पुन्हा ५७.१, आणि टायरही तोच, २०५/५५ आर १६. नव्या गाडीचे मालक पहिल्या महिन्यातच मोठी चाकं टाकतात, त्यामुळे काढलेला संच कोराच असतो. जे आणि ईटी मागे वाचून वरच्या रीतीने हिशेब करा. दिसायला थोडं नवं वाटेल, जुन्या आरएसच्या चेहऱ्याला सगळीच नक्षी शोभत नाही. पण पैशाच्या मानाने आमची पसंती यालाच.

चौथा, बाजारातलं नवं चाक. यात दोन जाती आहेत. साधं ओतीव चाक आणि फ्लो फॉर्म. फ्लो फॉर्ममध्ये ओतल्यावर कडेचा पिंपासारखा भाग तापवून रोलरने ताणतात, त्यामुळे तो पातळ असूनही चिवट होतो. महाग पडतं, पण हलकं असतं, आणि खड्ड्यात वाकतं, तडकत नाही. दुकानात धान्याचा काटा असेल तर चाक त्यावर ठेवा. १६ इंची ७ जे साधारण आठ किलोच्या आत असेल तर फ्लो फॉर्म म्हणून सांगितलेलं खरं मानायला हरकत नाही, दहाच्या पुढे गेलं तर नुसतं स्टिकर. आयएसआयची खूण आणि कोरलेला भार नसेल ते चाक भिंतीवर टांगायला ठीक. काळ्या रंगाचं घ्या. डायमंड कटच्या लकाकत्या तोंडावर वार्निशखाली बोअरच्या खारट पाण्याने पांढऱ्या नागमोडी रेषा येतात आणि त्या पुन्हा लेथवर चढवल्याशिवाय जात नाहीत.

बोल्टच्या बाबतीत इथे सर्वाधिक चुका होतात. स्कोडाच्या मूळ बोल्टचं डोकं गोलसर बसतं, बाजारातल्या बहुतेक नव्या चाकांची खोबण साठ अंशांची शंकूसारखी असते. दोन्ही एकत्र घट्ट होतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. बोल्टच्या बसण्याच्या जागेवर मार्कर फासा, हाताने आवळा, काढून बघा. जागा जुळत असेल तर शाई रुंद पट्ट्यात पुसली जाते. नसेल तर केसाएवढी एकच रेघ उमटते. त्या रेघेवर चाक धरलेलं असतं, आणि दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये ते ढिलं पडतं. लांबीही बघा: बोल्ट हाताने किमान सात-आठ फेरे आत जायला हवा.

बसवताना आधी हबवरचा वीस वर्षांचा गंज तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत काढा. उंचवट्यावर तांब्याच्या ग्रीसचा हलका हात, नाहीतर पुढच्या वेळी चाक लाथा मारून काढावं लागतं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस नको. एकाआड एक बोल्ट आवळून टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटर. हवेच्या गनवर काम संपवणारं दुकान असेल तर पाना स्वतःचा न्या. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं कॅलिपरला घासणार नाहीत अशा जागी लावून घ्या.

पावसाळ्यात ऐंशी-नव्वदला गाडी अचानक थरथरली तर लगेच बॅलन्सिंगला धावू नका. शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीत आऱ्यांच्या मागे काळी माती थापली जाते आणि वाळली की खडा होतो. एका चाकातून मूठभर निघते. पाण्याच्या प्रेशरने काढली तर सोबत वजनंही उडतात, म्हणून भिजवून लाकडी पट्टीने उकरा.

वाकलेलं चाक सरळ करून देणारे बरेच जण आहेत. दाब देऊन थंडच सरळ करत असतील तर आतल्या कडेचा छोटा दबाव काढून घ्यायला हरकत नाही. गॅसचा भाला मारून तापवत असतील तर चाक उचला. या मिश्रधातूची ताकद कारखान्यातल्या तापवणीने आलेली असते, ती ज्योतीखाली जाते आणि चाक लोण्यासारखं सरळ होऊन पुढच्या खड्ड्याला पुन्हा वाकतं. आऱ्याला तडा असेल तर वेल्डिंग कुणीही कितीही चांगलं करो, ते चाक भंगारात.

आणि स्टेपनी. ती बहुतेक मूळ लोखंडी चाकावरचीच राहते, तिला गोल डोक्याचेच बोल्ट लागतात. चाकांना शंकूचे बोल्ट लावले असतील तर जुने पाच बोल्ट पिशवीत घालून जॅकसोबत डिकीत ठेवा. रात्री अंबडच्या अलीकडे पंक्चर झाल्यावर ते कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळत नाहीत.