मेंदूची ‘सूज उतरवणाऱ्या’ कॅप्सूल: साठातल्या अकराच संपल्या

आधीच सांगते, पाचपैकी एक तारा कॅप्सुलांना आणि चार डबीच्या झाकणाला. झाकणाचं शेवटी.

फेब्रुवारीत आईला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, “थोडी सूज आहे, चार-पाच दिवस लक्ष ठेवू.” तो शब्द घरात सगळ्यांच्या डोक्यात रुतला. त्यामुळे मे महिन्यात भावानं ‘मेंदूची सूज मुळापासून उतरवते’ असं छापलेली डबी ऑनलाइन मागवली, तेव्हा कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही, आणि मी पोट भरते मुद्रितशोधनावर.

खटकलं ते लेबलावरचा बारीक मजकूर वाचताना. आपण दोन वेगळ्या गोष्टींना सूजच म्हणतो. एक म्हणजे पाणी साचून मेंदू फुगणं. ही सूज पक्षाघातानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग ओसरते. आईची केव्हाच ओसरली होती. दुसरा तो दाह. रक्त न मिळून पेशी मेल्या की मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी जाग्या होतात (हे नाव स्पेनच्या देल रीओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये दिलं), मेलेलं उचलतात, रसायनं सोडतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. हे महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. त्यात नासधूस होते तशी डागडुजीही होते. मग ही कॅप्सूल नक्की काय उतरवणार?

कंपनीला तसं विचारलं. दोन दिवसांत उत्तर आलं, हे मान्य करायला हवं. सोबत जोडलेला शोधनिबंध उंदरांवरचा होता.

उंदरांचं मला इतकं का लागलं, सांगते. मँचेस्टरच्या नॅन्सी रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-1 या दाह भडकवणाऱ्या रेणूवर अनेक वर्षं काम केलं. तो अडवला की उंदीर-घुशींच्या मेंदूचं नुकसान कमी होतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे 80 रुग्णांवर चाचणी झाली, 2018 मध्ये निकाल आला: रक्तातल्या दाहाच्या खुणा खरोखरच कमी झाल्या, पण तीन महिन्यांनी रुग्ण काही जास्त सुधारलेले दिसले नाहीत. त्याआधी एन्लिमोमॅब नावाचं औषध प्राण्यांमध्ये चाललं होतं. 625 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल 2001 मध्ये आला, तर औषध मिळालेल्यांची अवस्था उलट वाईट! एवढी हयात घालवलेली माणसं जिथे जपून बोलतात, तिथे डबीवर सरळ ‘मुळापासून’.

आता प्रत्यक्ष वापर. कॅप्सूल चांगली दोन सेंटिमीटर लांब. ओठांना लागली की चिकट होते आणि टाळूला बसते. आईला अजून घोट सांभाळून गिळावा लागतो. अकराव्या दिवशी तिला असा ठसका लागला की कॅप्सूल तोंडातच फुटली. उशीच्या अभ्र्यावर पिवळाजर्द डाग, तीन धुण्यांनंतरही जसाच्या तसा. आई पडल्यापडल्या माझ्याकडे बघून म्हणाली, “पुरे.” तीन महिन्यांत इतका स्वच्छ शब्द तिच्या तोंडून आला नव्हता.

मग डबी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. (आधी जायला हवं होतं, कबूल.) आत हळदीतलं कर्क्युमिन आणि मिऱ्यातलं पायपरिन. कर्क्युमिन नुसतं घेतलं तर अंगात फारसं शोषलंच जात नाही, म्हणून जोडीला पायपरिन घालतात. पण ज्या वाटेनं शरीर कर्क्युमिन बाहेर टाकतं तीच पायपरिन अडवतं, आणि इतर औषधांच्या वाटाही अडू शकतात. आई क्लोपिडोग्रेलवर आहे. गुठळी होऊ नये म्हणून रक्त आधीच पातळ ठेवलेलं, त्यात कर्क्युमिननं रक्तस्रावाचा धोका आणखी वाढू शकतो. डॉक्टरांनी डबी बाजूला सरकवली आणि बीपीची वही मागितली. यातलं एक अक्षर लेबलावर नाही. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ मात्र तीन ठिकाणी आहे, त्यात एकदा ऱ्हस्व-दीर्घाची चूक.

उघडलेली डबी परत घेत नाहीत.

झाकण दाबून फिरवायचं आहे, लहान मुलांना उघडू नये असं. फिजिओथेरपिस्टनं ते बघितलं आणि म्हणाली, “काकू, हे आपल्या कामाचं.” कॅप्सुला टाकून दिल्या, आत शर्टाची बटणं भरली. काल आईनं डबी डाव्या हातात धरून उजव्यानं तीनदा उघडली. चौथ्यांदा सगळी बटणं पलंगाखाली.