अंगावर पित्त उठलं: हायड्रॉक्सिझिन की सेटिरिझिन?

ठाण्यात पाऊस लागला की आईच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची उरलेली हायड्रॉक्सिझिन दिली. खाज थांबली, पण सकाळी दहालाही आई चहाचा कप हातात धरून पेंगत होती. कप कलंडला तेव्हा मी घाबरलेच.

हायड्रॉक्सिझिन आणि सेटिरिझिन, दोन्ही ॲलर्जी-खाजेवरची औषधं; शरीरात हायड्रॉक्सिझिनचंच सेटिरिझिन बनतं. फरक आहे तो मेंदूत शिरण्याचा. हायड्रॉक्सिझिन तिथे सहज पोचते, म्हणून झोप आणते. रात्रभर खाजवणाऱ्याला किंवा ऑपरेशनआधी धास्तावलेल्याला डॉक्टर ती देतात. पण रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे २० तास लागतात, वयस्करांना त्याहून जास्त. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात, म्हणून युरोपात २०१५ पासून मोठ्यांना दिवसाला १००, वृद्धांना ५० मिलिग्रॅम हीच कमाल मर्यादा आहे. हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना आधी सांगाच.

सेटिरिझिन मोठ्यांना साधारण १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. पेंग काहींना हिनेही येते. घोडबंदर रोडवर रोज स्कूटर चालवते, त्यामुळे मला हीच बरी वाटते, तीही रात्री. दारू मात्र दोन्हींबरोबर नकोच.