आधी ‘ळ’चे पान उघडावे : मुलांबरोबर वाचलेली अक्षरचित्रांची पुस्तके

अक्षरओळखीचे कोणतेही चित्रपुस्तक हातात आले की मी ‘अ’चे पान पाहत बसत नाही. अननस सगळ्यांनाच काढता येतो. मी थेट शेवटाकडे जाऊन ‘ळ’चे पान उघडते आणि मग मागे येत ‘ष’, ‘ण’, ‘ऋ’ ही पाने चाळते. मराठीत ‘ळ’ने किंवा ‘ण’ने सुरू होणारा शब्द नाही, आणि जिथे शब्द सहज सापडत नाही तिथेच पुस्तक करणाऱ्याने मुलाचा किती विचार केला आहे ते उघड होते. गेल्या चार वर्षांत सोलापुरात, बहुतेक नवी पेठेतल्या दुकानांतून आणि थोडी ऑनलाइन मागवून, अशी पंधरा-सोळा पुस्तके आमच्या घरात आली. ती वाचणारी मंडळी म्हणजे अडीच वर्षांचा धाकटा, पहिलीत जाणारी मुलगी, सुटीला येणारा सातवीतला भाचा, शेजारच्या तेलुगू घरातली दोन मुले आणि त्यांना घ्यायला येऊन स्वतःच रेंगाळणारी त्यांची अव्वा, म्हणजे आजी. तेव्हा हा अभिप्राय एका वयाच्या वाचकाचा नाही.

सुरुवात अर्थात अंकलिपीपासून करावी लागते. तीस रुपयांच्या आत मिळणाऱ्या या पातळ पुस्तिकेत वर्णमाला, बाराखडी, अंक, पाढे, वार, महिने आणि ऋतू इतके सारे कोंबलेले असते, आणि जुन्या धाटणीची प्रत मिळाली तर पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढेही सापडतात. या पुस्तिकांची मुखपृष्ठे सारखी बदलत असल्यामुळे नाव सांगून उपयोग नाही. आतला ऐवज मात्र वर्षानुवर्षे तोच असतो. आम्ही घेतलेल्या प्रतीत छपाईचे रंग जागेवर बसलेले नाहीत, त्यामुळे डमरूचा लाल रंग डमरूच्या शेजारी पडला आहे आणि बदकाला दोन चोची आहेत. पण माझी खरी तक्रार छपाईबद्दल नाही. चित्र पाहून मुलाच्या तोंडून जो शब्द आपोआप येतो तोच शब्द खाली छापलेला असला पाहिजे, ही या प्रकारच्या पुस्तकाची पहिली अट आहे, आणि अंकलिपी ती निम्म्या पानांवर मोडते. ‘ऐ ऐरणीचा’ या चित्राला माझी मुलगी ‘टेबल’ म्हणाली. ‘उ उखळाचा’ हिला कुंडीचा वाटला. ‘ई ईडलिंबाचा’ असे मी सांगितले तेव्हा तिने फार समजूतदारपणे मला दुरुस्त केले की आई, ते लिंबूच आहे, आणि लिंबू ‘ल’चे असते.

तरीही मी अंकलिपी घरातून काढलेली नाही. ज्या वस्तू घरातून गेल्या त्यांची नावे या पानांवर टिकून आहेत, आणि शेजारी एखादे मोठे माणूस बसले की उखळ, औत, दौत यांच्या गोष्टी निघतात. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती ती एकट्याने द्यायची नाही, एवढेच. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ती आजीसकट द्यावी.

जाड पुठ्ठ्याच्या, गोल कोपऱ्यांच्या पुस्तकांची गोष्ट निराळी. धाकट्यासाठी असे एक पुस्तक अडीचशे रुपयांना घेतले. त्याची बांधणी उत्तम आहे, कारण ते दोनदा बादलीत बुडाले, कोपऱ्यांवर रोज चावले गेले आणि तरी त्याचे एकही पान सुटलेले नाही. दुकानात वेष्टन असल्यामुळे मला माझी ‘ळ’ची परीक्षा घेता आली नाही. घरी येऊन उघडले तर ‘ळ’ नव्हताच. ‘ह’नंतर एकदम ‘क्ष, त्र, ज्ञ, श्र’ अशी हिंदी पुस्तकांतली शेपटी होती, ‘ल’ला आपल्या दोन पाकळ्या नव्हत्या, ‘श’ही हिंदी वळणाचा होता, आणि ‘ठ’च्या पानावर भांडी ठोकणारा माणूस काढून खाली ‘ठठेरा’ असे लिहिले होते. ठठेरा म्हणजे आपला तांबट. हिंदी पुस्तकाचे फक्त मुखपृष्ठ मराठी केले होते. वेष्टन फोडल्यावर पुस्तक परत घेत नाही असे दुकानदाराने सांगितले, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होते. तेव्हापासून मी वेष्टनातले पुस्तक आधी फोडून दाखवायला सांगते आणि ते जमत नसेल तर घेत नाही.

याबाबतीत नियम नाहीत असेही नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित केली आहे : १४ स्वर, २ स्वरादी (अनुस्वार आणि विसर्ग), ३४ व्यंजने आणि २ विशेष संयुक्त व्यंजने, अशी एकूण ५२. त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर म्हणून आले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. अलीकडच्या ज्या पुस्तकांनी हे मनावर घेतले आहे त्यांत ‘ॲ ॲम्ब्युलन्सचा’ आणि ‘ऑ ऑम्लेटचा’ अशी पाने दिसतात. जुन्या वळणाच्या लोकांना ती खटकतात, पण माझा अनुभव असा की मुलांनी कोणाच्याही मदतीशिवाय ओळखलेली पहिली दोन पाने हीच होती. शब्द परका असो, चित्र रोजचे आहे. ‘ऌ’ची मात्र सगळ्यांनाच अडचण होते, कारण मराठीत त्याचा वापर जवळजवळ एका ‘क्लृप्ती’ या शब्दापुरता आहे, आणि क्लृप्तीचे चित्र काढणार कसे? बहुतेक पुस्तके तिथे रिकामी चौकट सोडतात, तशीच ती ‘ङ’ आणि ‘ञ’लाही सोडतात. आश्चर्य म्हणजे सातवीतल्या भाच्याला या रिकाम्या चौकटींनीच पकडून ठेवले. ‘वाङ्मय’ या शब्दात ‘ङ’ सापडल्यावर त्याने त्या चौकटीत पुस्तकांची चळत काढली, आणि ही पुस्तके लहान मुलांची असतात हे त्याचे मत त्या दिवसापुरते तरी बदलले.

एक गोष्ट मी पाहिलेल्या एकाही मराठी पुस्तकाने केलेली नाही. आपल्या ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’चे उच्चार दोन-दोन आहेत, चंद्रातला ‘च’ वेगळा आणि चाकातला वेगळा, झेंड्यातला ‘झ’ वेगळा आणि झबल्यातला वेगळा. एक पुस्तक चमचा देते, दुसरे चंद्र देते, पण दोन्ही एका पानावर शेजारी ठेवण्याचे कोणाला सुचलेले नाही. मराठी घरातल्या मुलाला याचे काही वाटत नाही, त्याच्या कानावर दोन्ही पडलेले असतात. शेजारच्या तेलुगू मुलांना मात्र नेमके इथेच अडखळताना मी पाहते. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एका गल्लीत बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात हे पान असायलाच हवे होते.

इंग्रजी पुस्तकांकडे मी थोड्या धास्तीनेच वळले. आपल्या बहुतेक अक्षरांचे नाव आणि आवाज एकच असतो, इंग्रजीत तसे नाही. ‘ए’ म्हणायचे आणि ॲपल वाचायचे, हे पहिलीतल्या मुलीला बराच काळ फसवणुकीसारखे वाटत होते. त्यावर उतारा म्हणून तीन पुस्तके आणली. लोइस एलर्ट यांचे ‘ईटिंग द अल्फाबेट’ हे १९८९ चे पुस्तक फळे आणि भाज्यांचे आहे. प्रत्येक शब्द मोठ्या आणि लहान अशा दोन्ही लिपींत छापला आहे, रंग ओले वाटावेत इतके ताजे आहेत, आणि मंडईतून आलेली पिशवी शेजारी ओतून हे पुस्तक वाचण्यात जी मजा आहे ती शाळेच्या तक्त्यात नाही. ‘ई’च्या पानावर वांगे पाहून मुलगी म्हणाली, ‘हे “व”चे, इथे कसे आले?’ त्या प्रश्नातून एकाच वस्तूची दोन अक्षरे असतात हे तिला जितके स्वच्छ कळले तितके ते मला समजावता आले नसते. ‘एक्स’च्या पानावर झायलोफोनऐवजी कलिंगड आहे, कारण त्याचे चिनी नाव त्या अक्षराने सुरू होते. ही युक्ती मला आवडली, पण मुलांना नाही. भर उन्हाळ्यात समोर कापलेले कलिंगड असताना त्याला भलतेच काही म्हणायला कोणी तयार होईना. त्यापेक्षा ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असे अक्षर शब्दाच्या शेवटी दाखवण्याची आपली जुनी रीत मला अधिक सरळ वाटते. इंग्रजीतही ‘एक्स’ फॉक्स आणि बॉक्स यांच्या शेवटी आयता बसलेला आहे.

त्याच वर्षीचे आणि त्याच चित्रकर्तीच्या चित्रांचे ‘चिका चिका बूम बूम’ हे बिल मार्टिन आणि जॉन आर्चंबो यांचे पुस्तक धाकट्याचे आहे. अक्षरे नारळाच्या झाडावर चढतात, भार फार होतो आणि सगळी खाली पडतात. यात ‘अमक्याचे अमके’ असे काही नाही, फक्त ठेका आहे. अक्षरे शिकवण्याच्या कामी ते फारसे येत नाही असे माझे मत आहे. धाकट्याला ते तोंडपाठ आहे आणि तो एकही अक्षर ओळखत नाही.

तिसरे ग्रेम बेस यांचे ‘ॲनिमालिया’, १९८६ चे. यातले प्रत्येक पान एका अक्षरात बुडालेले आहे, चित्रात त्या अक्षराच्या असंख्य वस्तू लपवलेल्या आहेत, आणि शिवाय पानापानांत एक मुलगा दडलेला आहे, तो म्हणजे लहानपणीचा चित्रकारच. किंमत जास्त आहे आणि पहिलीच्या मुलाला त्यातले शब्द झेपत नाहीत. पण सातवीतला मुलगा, त्याचा मामा आणि मी असे तिघे एका पानावर पाऊण तास वाकून बसलो होतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मराठीत असे एखादे पुस्तक मी शोधते आहे. आपल्याकडे अक्षरपुस्तक म्हणजे पहिलीच्या दारापर्यंतची सोबत, असे छापणारे आणि घेणारे दोघेही धरून चालतात.

आता त्या पुस्तकाबद्दल, जे मला वाचताच येत नाही. शेजारच्या अव्वाकडे तिच्या मुलीने हैदराबादहून आणलेली तेलुगू अक्षरांची एक साधी पुस्तिका आहे. अव्वाने आयुष्यभर विड्या वळल्या. देवनागरी तिला येत नाही, तेलुगू लिपी ती बोट ठेवून वाचते. एका दुपारी ती पुस्तिका आमच्या पुस्तकांत मिसळली आणि माझ्या मुलीने तिच्यातला उंदीर पाहून विचारले, ‘अव्वा, हे काय?’ अव्वा म्हणाली, ‘एलुक.’ पुढच्या पानावर हत्ती होता. ‘एनुगु.’ मुलगी म्हणाली, दोन्ही ‘ए’च आहेत, मग दोन पाने कशाला? तेलुगूत आणि कन्नडातही ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ ही वेगळी अक्षरे आहेत, ‘ओ’चेही तसेच, आणि मराठीत हा भेद नाही, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. अव्वाने ते एका वाक्यात संपवले : ‘उंदीर लहान, त्याचं “ए” पण लहान. हत्ती मोठा, त्याला मोठं “ए” लागतं.’ मग तिने दोन्ही शब्द पुन्हा म्हटले, दुसऱ्या वेळी ‘ए’ हत्तीच्या सोंडेइतका लांबवत, आणि पाचही मुले घरभर लहान-मोठे ‘ए’ ओरडत फिरली. चित्रांची निवड म्हणतात ती ही. कागद अंकलिपीहून हलका असूनही, फक्त या दोन पानांसाठी मी त्या पुस्तिकेला आमच्या सगळ्या पुस्तकांत वरचा क्रमांक देईन. मी अव्वाला माझा ठरलेला प्रश्न विचारला, की ‘ळ’ला काय? तिथेही ‘ळ’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. ती क्षणभर थांबली आणि हातातला पेला दाखवून म्हणाली, ‘नीळ्ळु.’ पाणी.

त्यानंतर मुलांनी स्वतःचे पुस्तक करायला घेतले, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूंवर. ते विकत मिळणार नाही, पण बाकीच्यांना लावलेले निकष त्यालाही लावायला हवेत. ‘ग गड्ड्याचा’ (गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा) या पानावर पाळणे आहेत आणि ते कोणत्याही सोलापुरी मुलाला न सांगता कळतात. ‘ह हुरड्याचा’ फसला आहे, हिरवे ठिपके मटारही असू शकतील. ‘न नंदीध्वजाचा’ हे पान सर्वांत चांगले उतरले. सिद्धेश्वराच्या यात्रेतली ती उंच काठी पानात मावेना, म्हणून भाच्याने वर आणखी दोन कागद चिकटवले, आणि आता ते पान उलगडून उभे धरावे लागते. ‘ण’ला शेंगाचटणी आहे, वर खऱ्या चटणीचा तेलकट डागही आहे. ‘ळ’साठी मात्र मोठा वाद झाला. मुलीला बाळ हवे होते, भाच्याला नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे या एका शब्दात ‘ळ’ही येतो आणि ‘ढ’ही, म्हणजे एक पान वाचते. माळढोक जिंकला आणि भाच्याने तो फोटो पाहून मन लावून काढला, लांब मान, उभे पाय, गळ्याखालचा काळा पट्टा. धाकट्याला पान दाखवले तेव्हा तो आनंदाने ‘कोंबडी’ म्हणाला, आणि अजूनही रोज म्हणतो. मुलीने चित्राखाली पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘ही कोंबडी नाही.’